निर्मळचा गांव आणि त्याचें गोडें पाणी

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं प्रमुख धर्मगुरूनें देवळाचा इतिहास सांगावा, देणगीदारांचे आभार मानावे व खालीं बसावें, असा शिरस्ता आहे. देवळाचा इतिहास स्मरणिकेंत स्वतंत्रपणें छापून येणारच आहे, आणि आभाराचें काम समितीच्या चिटणिसांनीं आमच्यापेक्षां पुष्कळ चांगलें केलें आहे. तेव्हां देवळाच्या भोंवतालच्या भूमीविषयीं चार शब्द बोलण्याची आम्हांस मुभा असावी. धर्मग्राम हा माणसांचा असतो; तीं माणसें कोठें राहतात, काय पिकवितात व कोणतें पाणी पितात, ह्याची विचारपूस केल्यावांचून त्याची कहाणी पुरी होत नाहीं.

प्रथम आमच्या गांवाचें ठिकाण पाहूं. नालासोपारा स्टेशनावर उतरून पश्चिमेकडे निघालें म्हणजे आरंभीं इमारतींची दाटी लागते. सोपारा गांव मागें पडल्यावर ती विरळ होते, रस्त्याच्या कडेस वाड्या दिसूं लागतात, आणि मग निर्मळचें तळें दृष्टीस पडतें. तेथून पुढें पश्चिमेस कळंबचा किनारा व अरबी समुद्र. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचें मुख, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, अशी वसई तालुक्याची चतुःसीमा आहे. जुन्या काळीं सोपाऱ्याच्या खाडीचें पाणी आंतवर भरत असे, व त्यायोगें हा पश्चिमेचा पट्टा मुख्य भूमीपासून तुटून बेटासारखा झाला होता. खाडी गाळानें भरत गेली, कांठीं खाजण व मिठागरें राहिलीं, आणि बेटाचें बेटपण संपलें. आज मुंबईच्या माणसास विचारलें तर तो आम्हांस उपनगराच्याही पलीकडचे समजेल. वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजीं स्थापन झाली. तेव्हांपासून गांवें आंत कीं बाहेर हा वाद मोर्च्यांत व न्यायालयांत वर्षानुवर्षें चालला. आमच्या वृद्ध मंडळींस विचाराल, तर हा गांव आहे व गांवच राहणार, एवढें एकच उत्तर मिळेल.

ह्या पट्ट्याची सारी मातब्बरी एका गोष्टींत आहे. खाऱ्या पाण्याचा वेढा असतां येथें थोडें खणलें कीं गोडें पाणी लागतें. बाहेरचा मनुष्य ह्यास चमत्कार म्हणेल. चमत्काराविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे, परंतु येथें त्याची गरज नाहीं. जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत येथें दोन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. त्यांतला जो भाग वाळूमातींत मुरतो, तो खालच्या खाऱ्या पाण्यांत मिसळून जात नाहीं. गोडें पाणी हलकें व खारें जड, म्हणून गोडें वर तरंगतें. गायबेन व हर्झबर्ग ह्या दोन युरोपीय शास्त्रज्ञांच्या नांवानें एक हिशोब प्रसिद्ध आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीहून एक हात उंच असेल, तर समुद्रपातळीखालीं सुमारें चाळीस हात गोडें पाणी उभें राहतें. हा हिशोब ऐकून आनंद होतो, पण तो उलटाही वाचावा लागतो. वरची पातळी उपशानें एक हात खालावली, कीं तळचें खारें पाणी चाळीस हात वर चढूं लागतें. आणि एकदां विहीर खारावली म्हणजे ती पुन्हां गोड होण्यास वर्षांमागून वर्षें जातात.

आमच्या पूर्वजांनीं हा हिशोब कोणत्याही पुस्तकांत वाचला नव्हता. तरीसुद्धां त्यांनीं बावखलें खणलीं. सभेंत बाहेरगांवचे पाहुणे बसले आहेत, त्यांच्यासाठीं सांगतों कीं बावखल हें बांधीव विहिरीहून वेगळें असतें, व देवस्थानाच्या तळ्याहूनही वेगळें असतें. वाडीच्या सखल कोपऱ्यांत खणलेला, उतरत्या कांठांचा, दगडचुना न लावलेला तो मोठा खड्डा असतो. निघालेली माती वाडीवर व घराच्या जोत्याखालीं टाकीत, म्हणजे जमीन उंच होई. पावसाळ्यांत भोंवतालचें पाणी त्यांत उतरे व तेथून हळूहळू जमिनींत मुरे. पाऊस सरला म्हणजे रहाट जोडून त्याच पाण्यावर केळी, पानवेली, भाजीपाला व फुलझाडें जगवीत. कांठाला अळू माजे, पाण्यांत मासे असत, मुलें तेथेंच पोहावयास शिकत. आयांचा ओरडा त्यांच्या कानांवर पडत असे कीं नाहीं, हें त्यांचें त्यांस ठाऊक!

ह्यांतली मुख्य गोष्ट कांठावरून दिसत नाहीं. माझ्या वाडींतलें बावखल माझें असतें. सातबारावर माझें नांव असतें. परंतु त्यांतून मुरलेलें पाणी माझ्या कुंपणापाशीं थांबत नाहीं. तें शेजाऱ्याच्या विहिरींत उतरतें, त्याच्या शेजाऱ्याच्या नारळीच्या मुळांशीं जातें, आणि सगळ्यांच्या पायांखालचें खारें पाणी खालीं दाबून धरतें. मालकी एकाची व उपयोग आळीचा, असा हा प्रकार आहे.

आतां ह्या भूमीवर कोण कोण येऊन गेलें तें पाहूं. सोपारा हें नांव आज स्टेशनाच्या पाटीवर नाल्याशीं जोडून वाचावें लागतें. पण दोन हजार वर्षांपूर्वीं शूर्पारक ह्या नांवानें तें पश्चिम किनाऱ्यावरील मोठें बंदर होतें. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं तेथील बुरुड राजाचा कोट नांवाची टेकडी उकरली. आंत बौद्ध स्तूप निघाला, व त्याच्या पोटांत दगडी करंडकामध्यें भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे मिळाले. त्याच वर्षीं अशोक राजाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यास सांपडला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ सालीं शेजारच्या भुईगांवांत सांपडला. ह्याच राजाच्या दुसऱ्या शिलालेखांत रस्त्यांच्या कडेस विहिरी खणविल्याचा उल्लेख आहे. तो लेख आमच्याकडे सांपडलेला नाहीं, परंतु विहीर खणणें हें राजानें दगडावर कोरण्याजोगें काम आहे अशी त्या काळची समजूत होती, एवढें त्यावरून कळतें.

ख्रिस्ती नांवही ह्या मातींत पोर्तुगीजांच्या आधीं आलेलें आहे, व ही गोष्ट आमच्याच मुलांस ठाऊक नसते म्हणून मुद्दाम सांगतों. १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन संन्यासी धर्मासाठीं मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेले डोमिनिकन धर्मगुरु जॉर्डनस त्या वेळीं पुढें प्रवासास गेले होते. वार्ता कळतांच ते परतले, व त्यांनीं ते देह सोपाऱ्यास आणून पुरले. कांहीं वर्षांनीं ओदोरिक नांवाचा संन्यासी त्या अस्थि घेऊन चीन देशास गेला. आज ती जागा दाखवितां येत नाहीं. तथापि आपण नालासोपाऱ्याच्या गर्दींतून वाट काढतों, तेव्हां त्या भूमीवरूनच चाललों असतों.

१५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस तोडून दिली, व पुढील दोनशें वर्षें त्यांचें राज्य येथें होतें. ह्या काळाची दोन्ही अंगें सांगणें आम्हांस उचित वाटतें. संत फ्रान्सिस झेवियर वसईस येऊन गेले. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं नागासाकी येथें क्रूसावर मरण पावले व १८६२ सालीं संतपदास चढले. देवळें उभीं राहिलीं, शाळा निघाल्या. त्याच काळांत ह्या प्रांतांतलीं हिंदु मंदिरेंही पाडलीं गेलीं, आणि तें झांकून ठेवण्यांत कोणाचाच सन्मान नाहीं. निर्मळच्या तळ्यापाशीं शंकराचार्यांची समाधि म्हणून ज्या स्थानाची पूजा होते, त्याचा जीर्णोद्धार पुढें पेशवाईंत झाला. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला. परदेशी पाद्री गेले, मठ ओस पडले, किल्ल्यांतल्या देवळांचीं छपरें कालांतरानें कोसळलीं. आमचे पूर्वज मात्र गेले नाहींत. जाणार तरी कोठें? त्यांस दुसरा देश नव्हता. येथें त्यांची वाडी होती, रहाट होता, बावखल होतें. देशी धर्मगुरूंनीं कळप संभाळला, आणि राज्य बदललें तरी केळीची लागवड दरसाल होत राहिली.

म्हणूनच आमच्या समाजाची ठेवण अशी कांहीं निराळी आहे, कीं परक्याला तिचा उलगडा लौकर होत नाहीं. सामवेदी ख्रिस्ती, ज्यांस कुपारी म्हणतात, व सामवेदी ब्राह्मण हे दोघे घरीं एकच बोली बोलतात. आडनांव लोपीस, तुस्कानो, परेरा. आणि आजीबाईच्या अंगावर लाल लुगडें! वाडवळांची बोली निराळी, किनाऱ्यावरच्या कोळ्यांची निराळी. ह्यांच्या शेजारीं भंडारी आहेत, आगरी आहेत, आदिवासी बंधु आहेत, सोपाऱ्यास मुसलमानांची जुनी वस्ती आहे. कार्तिक वद्य एकादशीस निर्मळची जत्रा लागते, तेव्हां यात्रेकरू देवदर्शनास येतात व आमचीं ख्रिस्ती कुटुंबें खरेदीस जातात. राजेळी केळीं सोलून, उन्हांत वाळवून केलेलीं सुकेळीं हा आमच्या ह्या भागाचा खास जिन्नस. तीं बनविणाऱ्या घरांत देव कोणताही असो, केळीला पाजलेलें पाणी सारखेंच असतें. १९९८ सालीं मुंबईपासून वेगळें होऊन वसई धर्मप्रांत निर्माण झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे भुईगांवचेच सुपुत्र, हें सांगतांना थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य समजावा.

मुंबईशीं आमचें नातें आगगाडीनें जोडलें. १८६७ सालीं विरारहून मुंबईस दिवसाची एक लोकल गाडी जाऊं लागली; १९३६ सालीं विरारपर्यंत विजेची गाडी आली. पहांटेच्या गाडीनें भाजीच्या व फुलांच्या टोपल्या दादरच्या बाजारीं नेणाऱ्या आमच्या भगिनींनीं जो संसार उभा केला, त्यावर ह्या धर्मग्रामांतले किती डॉक्टर, शिक्षक व धर्मगुरु शिकले, ह्याचा जमाखर्च कोणत्याच वहींत नाहीं.

परंतु पाण्याची कथा ह्याच काळांत बदलली. रहाट गेले, प्रथम तेलाचे व मग विजेचे पंप आले. रहाटाचें जनावर संध्याकाळीं थकत असे, म्हणून उपसा आपोआप थांबे. पंप थकत नाहीं. पुढें १९८० नंतरच्या वर्षांत तालुक्यांत भराभर इमारती उठूं लागल्या. मुंबईंत ज्यांना घर परवडत नव्हतें असे कष्टाळू लोक येथें राहावयास आले, आणि त्यांच्या नळांना पाणी नव्हतें. तेव्हां पश्चिम पट्ट्याच्या विहिरींवर टँकर लागूं लागले. वाडीवाल्याला घरबसल्या पैसा दिसला, स्टेशनाकडच्या माणसाची घागर भरली, आणि विहिरी खारावूं लागल्या. १९८९ सालीं हरित वसई संरक्षण समिति निघाली. नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं त्या लढ्याचें पुढारपण केलें. हेच फादर २०२० सालीं उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले व २०२४ सालीं निवर्तले. त्यांचा सत्कार करण्यास पुष्कळ लोक पुढें आले. त्यांनीं ज्या पाण्यासाठीं शिव्याशाप सोसले, त्याची आठवण मात्र फार थोड्यांनीं ठेवली, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सूर्या धरणाचें पाणी नळानें शहरांत आल्यावर टँकरचा तो जोर राहिला नाहीं. आतां संकट दुसऱ्या दारानें येत आहे. बावखलें बुजत आहेत. कोणी भराव टाकून बंगला बांधतो, कोणी गाड्या उभ्या करण्यास जागा करतो, कोणी विक्रीपूर्वीं जमीन सपाट करून ठेवतो. आणि जेथें कांहींच होत नाहीं तेथें कचरा टाकून टाकून तें बुजतें. जुलै २०१८ मधील पावसांत वसई-नालासोपारा पाण्यांत बुडालें, रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या, वीज गेली, मिठागरांत अडकलेल्या शेंकडों माणसांची सुटका करावी लागली. पाऊस फार पडला हें खरेंच. पण जें पाणी पूर्वीं खाजणांत पसरे, खाडींत उतरे व बावखलांत मुरे, त्याच्या जागेवर आपण भिंती घातल्या आहेत, हेंही तितकेंच खरें. आणि मे महिन्यांत पाहावें, तर त्याच गांवांत पाणी विकत घेणारीं कुटुंबें आढळतात.

येथें धर्मगुरूनें रागें भरावें अशी कित्येकांची अपेक्षा असेल. तें आम्हांस जमणार नाहीं, कारण बुजविणारेही आमचेच आहेत व त्यांचें ऐकून घेण्यासारखें आहे. दीड एकराच्या वाडीचे पांच भाऊ वांटेकरी होतात. वांटणीस आलेल्या तुकड्यावर केळीनें पोट भरत नाहीं. मजूर मिळत नाहीं. मुलगी शिकावयास परदेशीं जाते, तिची फी भरावी लागते. धाकट्या भावाच्या हिश्शाला नेमकें बावखलच आलें, तर त्यानें घर बांधावें कोठें? पाण्यांत? हा प्रश्न आम्हांस एका गृहस्थानें विचारला, व त्यावर उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस चहा संपवावा लागला. ज्याच्या ताटांत हा प्रश्न नाहीं त्यानें निसर्गाचें व्याख्यान देणें सोपें असतें.

तरी जुन्या करारांतली एक कथा ह्या ठिकाणीं आठवते. अब्राहामानें खणलेल्या विहिरी त्याच्या पश्चात् पलिष्टी लोकांनीं मातीनें बुजवून टाकल्या. इसहाक त्या प्रदेशीं आला, तेव्हां त्यानें बापाच्या विहिरी पुन्हां उकरल्या व बापानें ठेवलेलीं नांवेंच त्यांस दिलीं. उकरल्याबरोबर भांडण झालें. गुराखी म्हणाले, पाणी आमचें आहे. इसहाक पुढें सरकला, दुसरी खणली, तेथेंही भांडण. तिसऱ्या विहिरीवर भांडण झालें नाहीं. आमच्याकडे पलिष्ट्यांची जरूर पडली नाहीं, हा फरक वगळतां कथा जशीच्या तशी लागूं पडते.

त्या धाकट्या भावाला आम्हीं जें उत्तर दिलें, तेंच येथें सांगतों. बावखल वांटणींत एकट्याच्या पदरीं टाकूं नये. पाणवाटा, पायवाटा जशा सर्व भावांच्या सामाईक ठेवतात, तसें बावखल सामाईक ठेवावें, व ज्याची बांधकामाची जागा त्यायोगें कमी होते, त्याला इतरांनीं आपल्या भागांतून भरपाई द्यावी. हें कठीण आहे. भावाभावांत कोणतें सोपें असतें? पण मोठ्या भावाची विहीर धाकट्याच्या बावखलावर गोड राहते, तेव्हां त्याची किंमत एकट्या धाकट्यानें भरावी, हें न्यायाचें नव्हे. मृत्युपत्र करण्यासाठीं जीं वडील मंडळी आमच्याकडे सल्ल्यास येतात, त्यांस आम्ही हल्लीं हाच प्रश्न प्रथम विचारतों. कित्येकांना तो आवडत नाहीं.

ज्यांनीं सदनिका घेऊन नव्यानें येथें वस्ती केली, जे कोंकणी, तामीळ किंवा मल्याळी बोलतात व रविवारीं आमच्याच बांकांवर बसतात, त्यांचाही ह्या कामीं संबंध आहे. त्यांच्या इमारतींच्या गच्च्यांवरून पावसाचें पाणी सरळ गटारांत जातें. तें नळ्यांनीं जवळच्या बावखलाकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवावें. हें काम एका सोसायटीच्या आवांक्यांतलें आहे. पाणी पिणारा तो पाण्याचा वारस, मग त्याचा आजा येथें पुरलेला असो वा नसो.

महोत्सवासाठीं जमलेल्या निधींतून संगमरवरी फरशी घालावी, कीं घंटाघराला दिवे लावावे, ह्यावर समितींत चर्चा चालली आहे व ती आणखी कांहीं दिवस चालेल. तोंवर आम्ही एक बिनखर्चाचें काम सुचवितों. धर्मग्रामाच्या हद्दींत आज बावखलें किती उरलीं आहेत, ह्याची यादी आमच्यापाशीं नाहीं. पुढल्या रविवारपासून मिस्सा संपल्यावर देवळाच्या मंडपांत एक वही ठेवली जाईल. आपल्या वाडींतलें, शेजारच्या वाडींतलें, बुजलेलें, अर्धवट बुजलेलें, जें ठाऊक असेल तें तींत लिहावें. बुजविणाऱ्याचें नांव लिहूं नये. वाडीचें नांव व बावखलाला म्हातारीं माणसें ज्या नांवानें हांक मारीत तें नांव लिहावें. ब्राह्मण, वाडवळ, आदिवासी व मुसलमान शेजाऱ्यांसही सांगावें. वही देवळाची असली तरी पाणी देवळाचें नाहीं. वैशाखांत पाणी तळाशीं जाईल, तेव्हां आमच्या शाळेचे वरचे वर्ग लांबी, रुंदी व खोली मोजतील, आणि पाणी गोडें, मचूळ कीं खारें हें चाखून वहींत नोंदतील. त्यासाठीं मोजणीची दोरी व दोन लांब बांबू लागतील. ज्यांच्याकडे असतील त्यांनीं चिटणिसांकडे पोंचते करावे. केळीच्या खांबांचा तराफा मुलें स्वतःच बांधणार आहेत.